उसन्या सुताचा हिशेब

सोलापुरी चादरीचं सूत कारखानदार स्वतः कातत बसत नाही, ते बाहेरून येतं. पण मागावर चढवण्याआधी तो सुताचा काउंट आणि रंगाचा लॉट पाहून घेतो. लॉट बदलला, तर एकाच चादरीत दोन छटा दिसतात.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. प्रत्येक ओळ कुणी स्वतः लिहीत नाही. फाइल दाबून लहान करणं, नोंदी ठेवणं अशी कामं इतरांनी लिहिलेल्या तयार भागांवर, म्हणजे लायब्ररींवर सोपवली जातात. हे सारे भाग जोडून चालता प्रोग्रॅम तयार करणं म्हणजे ‘बिल्ड’. मेव्हन, ग्रेडल, सीमेक ही त्याची साधनं. कोणती लायब्ररी, कुठली आवृत्ती, हे त्यांना लिहून द्यावं लागतं.

आपल्या मुलांची गफलत इथेच होते. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घरी छान चालतो, परीक्षकांसमोर मात्र उघडतच नाही. आवृत्तीच्या जागी ‘जी नवी असेल ती’ असं लिहिलेलं असतं, किंवा लायब्ररी फक्त घरच्या संगणकावर असते.

मोठ्यांचीही फजिती झाली आहे. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ ही जेमतेम 11 ओळींची लायब्ररी लेखकाने काढून घेतली आणि जगभरातली बिल्ड अडली. डिसेंबर 2021 मध्ये ‘लॉग-फोर-जे’मधलं मोठं भगदाड जगजाहीर झालं. ही लायब्ररी अनेकांकडे दुसऱ्या लायब्ररीच्या पाठीवर बसून आलेली होती. ती आपल्याकडे आहे की नाही, हेच आधी शोधावं लागलं. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’च्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. तो उघडणारी कळ बिल्डच्या सूचनांतच लपवलेली होती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला पडला, म्हणून ती उघडकीस आली.

गंमत पाहा, ‘एक्सझेड’मध्ये जुन्यावर थांबलेले वाचले, ‘लॉग-फोर-जे’मध्ये जुन्यावर थांबलेले उघडे पडले. म्हणून डोळे झाकून नवं नको, तसंच जुन्यालाही चिकटून बसू नये. आवृत्ती नेमकी लिहावी. लायब्ररीमागून आलेल्या लायब्ररींचीही नोंद लॉक फाइलमध्ये ठेवावी. ठरावीक दिवसांनी ती यादी तपासावी. आणि प्रकल्प सादर करण्याआधी मित्राच्या कोऱ्या संगणकावर एकदा बिल्ड करून पाहावं.

सूत उसनं असलं, तरी चादरीवर नाव आपलंच असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)