हातब्रेकाची दांडी आणि विजेचें बटण



मोटारगाडीविषयीं बोलणें निघालें म्हणजे ती किती वेगानें धांवते हाच विषय बहुधा पुढें येतो. आज मी ती उभी कशी राहते याविषयीं चार शब्द सांगणार आहें. घाटांत मालमोटार थांबली कीं क्लीनर प्रथम खालीं उतरतो आणि चाकाखालीं दगड लावतो. त्या दगडाचा मोठा गुण असा कीं, एकदां लावल्यावर तो दमत नाहीं. त्याला ना वीज हवी, ना तेल, ना कोणाची आठवण. उभ्या गाडीच्या ब्रेकाची खरी कसोटी हीच होय.

दोन आसनांमधील हातब्रेकाची दांडी या कसोटीस पुरेपूर उतरते. आपण ती वर ओढतों, तारेची केबल ताणली जाते, मागचीं चाकें आवळलीं जातात, आणि दांतेरी पट्टीवर खिटी बसून दांडी तेथेंच अडकते. ओढण्याचे श्रम हाताचे. धरून ठेवण्याचें काम खिटीचें. हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा.

इ.स. २००१ च्या सुमारास युरोपांतील उंची गाड्यांतून ही दांडी जाऊन तिच्या जागीं एक लहानसें बटण आलें. आज तें साध्या गाड्यांतहि दिसतें. कारखान्यांतून असें बटण आलें तर आपणांस कांहींच करावें लागत नाहीं. परंतु ब्रिटन व अमेरिका या देशांत गाडी स्वतः जुळविणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. १९५७ सालीं निघालेली लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांच्या रूपानेंहि विकत मिळे आणि गिऱ्हाईक ती घरीं जोडीत असे. अशा गाडींत सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचें आणि मागचा आंस तिसरीचा असतो. दांडीला जागा उरत नाहीं, केबलीला सरळ वाट सांपडत नाहीं. आणि मग विजेच्या ब्रेकाचा मोह पडतो.

हा ब्रेक दोन प्रकारांनीं बसवितात. पहिल्या प्रकारांत जुनी केबल कायम ठेवून ती ओढण्याचें काम विजेच्या मोटरीकडे देतात. दुसऱ्या प्रकारांत प्रत्येक मागच्या चाकाच्या कॅलिपरवरच एक छोटी मोटर असते. ती दंतचक्रांच्या साह्यानें मळसूत्र फिरविते, त्यावरील नट पुढें सरकून दट्ट्याला रेटतो, आणि पॅड डिस्कवर घट्ट बसतात. मळसूत्राच्या आट्यांचा चढ इतका अल्प असतो कीं, दट्ट्यानें कितीहि उलट रेटा दिला तरी तें मागें फिरत नाहीं. मोटरीची वीज बंद झाली तरी पकड तशीच राहते. म्हणजे मोटर हा हात, आणि मळसूत्र ही खिटी.

कांहीं हौशी कारागीर मात्र याहून सोपी युक्ति शोधतात. पायब्रेक दाबून त्याच्या तेलाच्या नळींत विजेची झडप बंद करावयाची, म्हणजे तेलाचा दाब अडकून चाकें आवळलेलीं राहतात. दिसावयास ही युक्ति नामी; पण रबरी कड्यांतून थेंबभर तेल झिरपलें किंवा तेल थंड होऊन आकसलें कीं दाब उतरतो, आणि मालक घरांत जेवावयास बसला असतां गाडी उताराच्या वाटेस लागते. ब्रिटनमधील कायद्याचें म्हणणेंहि असेंच आहे कीं, उभ्या गाडीचा ब्रेक तेल, वीज किंवा हवा यांच्या साह्यावांचून केवळ यांत्रिक रीतीनें टिकून राहिला पाहिजे.

किती टिकावा, याचेंहि माप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमाप्रमाणें भरलेली गाडी शेंकडा २० चढउतारावर स्थिर राहिली पाहिजे. अशा उतारावर १,००० किलो वजनाच्या गाडीला सुमारें १९६ किलो वजनाइतकी ओढ लागते. तीन धडधाकट माणसें गाडीला लोंबकळलीं आहेत अशी कल्पना करा, म्हणजे त्या इवल्याशा बटणावरील जबाबदारी ध्यानांत येईल.

आतां दुसरा प्रश्न: मोटरीनें थांबावें केव्हां? हाताला घट्टपणा कळतो. मोटरीला तो कळत नाहीं. पॅड डिस्कला भिडून दाब वाढला कीं मोटर अधिक वीज ओढूं लागते. ही वाढ मोजून ठराविक मर्यादेस वीज तोडणारी नियंत्रक पेटी लागते. तिच्याऐवजीं ठराविक सेकंदांनीं बंद होणारा स्विच लावणें धोक्याचें आहे. बॅटरी मंद असली तर तितक्या वेळांत पकड अपुरी राहते. ती भरलेली असली तर दंतचक्रांवर भलताच ताण येतो. जुन्या गाडीची पेटीहि उचलून लावतां येईलच असें नाहीं. ती आपल्या मूळ गाडीच्या इतर यंत्रांकडून चाकांच्या वेगाचे संदेश मागते, आणि ते न मिळाल्यास रुसून बसते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. लांब घाट उतरून आलेल्या गाडीची डिस्क तापून फुगलेली असते. ती निवतांना आकसते आणि पकड सैल होते. म्हणून चांगली पेटी कांहीं मिनिटांनीं मोटर पुन्हां फिरवून पकड आवळते. तसेंच धांवत्या गाडींत मुलाचा हात चुकून बटणावर पडला तर मागचीं चाकें एकदम जखडूं नयेत, आणि पायब्रेक दाबल्यावांचून ब्रेक सुटूं नये, हीहि व्यवस्था हवी. बॅटरी मेली तर ब्रेक सुटणार नाहीं, ही तक्रार खरी. पण तो न सुटणें हेंच योग्य. सोडण्यासाठीं हातानें फिरवावयाचा मार्ग मात्र ठेवावा.

आपल्याकडे हा उद्योग घरच्या अंगणांत करण्यासारखा नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करण्यास आळा घातला आहे, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच बजाविलें. परंतु कारखान्यांतून आलेलें बटण ज्यांच्या गाडींत आहे, त्यांनीं मिस्त्रीला एवढें अवश्य विचारावें कीं, मागचे पॅड बदलतांना मोटर नीट मागें घेतली ना? दट्ट्या जबरदस्तीनें आंत रेटल्यास मळसूत्र बिघडतें, आणि चुकून बटण दाबलें गेल्यास मिस्त्रीचें बोट सांपडतें.

विजेनें आपल्या घरांतील पुष्कळ कष्ट हलके केले आहेत, आणि ब्रेक ओढण्याचा कष्टहि तिनें खुशाल हलका करावा. मात्र धरून ठेवण्याचें काम लोखंडाच्या मळसूत्राकडेच असूं द्यावें. वीज जाते, येते. उतार मात्र रात्रभर जागा असतो.