बोटीवरचे रात्रीचे जेवण आणि मुलांचा पोशाख



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना हसू येईल. समुद्रसहलीच्या बोटीवर रात्री जेवायला बसताना चौदा-पंधरा ते अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी काय घालावे, हा तो विषय. इथे पेरणीची काळजी, शाळेत वर्गाला छप्पर नाही, आणि हे प्राध्यापक बोटीवरचा कोट काढून बसले, असे कुणी म्हणेल. पण थोडा धीर धरावा. हा प्रश्न वरून कपड्याचा दिसतो; आत पाहिले तर तो पंक्तीचा आहे. वाढत्या वयाचे मूल चार परक्या माणसांच्या पंक्तीत कसे येते, आणि कशामुळे ते पंक्तीपासून दूर पळते, याविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

बोट म्हटली की कोकणातल्या वडीलधाऱ्या मंडळींना मुंबईची आगबोट आठवते. डेकवर वळकटी पसरावी, भूक लागली की फडक्यातली भाकरी सोडावी, झाले जेवण! अंगावर असेल तोच पोशाख. समुद्रसहलीची बोट, जिला लोक क्रूझ म्हणतात, ती याहून वेगळी. तिच्यावर माणसे चार-आठ दिवस केवळ राहण्यासाठी, समुद्र पाहण्यासाठी आणि वाटेतली बंदरे हिंडण्यासाठी जातात. आपल्या मुंबईहूनही कॉर्डेलिया या कंपनीची बोट २०२१ पासून अशा सहली काढू लागली. शिवाय लंडन, दुबई, अमेरिका अशा ठिकाणी नोकरीला असलेली आपली मुले गावाकडच्या आईवडिलांना कौतुकाने असल्या प्रवासाला नेतात. म्हणजे विषय वाटतो तितका परका राहिलेला नाही.

अशा बोटीवर मोठे भोजनगृह असते आणि रात्री तिथे जेवायला येताना कपड्यांचे काही नियम पाळावे लागतात. एरवीच्या रात्री सदरा-पाटलोण, झगा, साडी असे नीटनेटके कपडे चालतात. पोहण्याचे कपडे किंवा बिनबाह्यांचे बनियन चालत नाही. आठवड्याच्या सफरीत एखाददुसरी रात्र मात्र खास थाटाची असते. त्या रात्री पुरुषांनी काळा कोट, गळ्याला टाय किंवा बो, आणि बायकांनी समारंभाचा पोशाख करून यावे अशी अपेक्षा असते. नियमाचा कडकपणा कंपनीगणिक बदलतो. १८४० साली लिव्हरपूलहून अमेरिकेकडे टपालाच्या आगबोटी चालवू लागलेली क्युनार्ड कंपनी ही प्रथा आजही निष्ठेने पाळते. २००४ साली प्रवासी सेवेत आलेल्या तिच्या ३४५ मीटर लांबीच्या ‘क्वीन मेरी २’ या बोटीवर थाटाच्या रात्री असतात. उलट नॉर्वेजियन या कंपनीने २००० सालापासून जेवणाची ठरावीक वेळ आणि पोशाख या दोन्ही बाबतींत प्रवाशांना मोकळीक दिली.

आता कल्पना करा. पंधरा वर्षांचा मुलगा दिवसभर पोहून, खेळून दमला आहे. संध्याकाळी वडील म्हणतात, “कोट घाल, टाय बांध, जेवायला जायचे आहे.” मुलगा म्हणतो, “मी येत नाही. वर खाण्याचे दुसरे ठिकाण आहे, तिथे काहीही घातलेले चालते.” आणि तेही खरेच असते. मग केबिनमध्ये जुंपते. वडिलांना वाटते, पोरगा उद्धट झाला. पोराला वाटते, यांना माझ्यापेक्षा लोकांची पर्वा जास्त.

यात बरोबर कोण? उत्तर देण्याआधी नियम कुठून आला ते पाहू. इंग्लंडातले श्रीमंत लोक रात्रीच्या जेवणाला मागे लांब शेपटे असलेला कोट घालीत. राजपुत्र एडवर्ड, जो पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला, त्याने १८६५ साली घरगुती जेवणासाठी बिनशेपटांचा, सुटसुटीत आखूड कोट शिवून घेतला, असे लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याच्या पेढीचे सांगणे आहे. त्यातूनच आजचे डिनर जॅकेट आले म्हणतात. गंमत पाहा, आज पोरांना जो कोट गळफासासारखा वाटतो, तो मुळात सवलतीचा कोट होता!

त्या कोटाखाली कमरेला जो रुंद रेशमी पट्टा बांधतात, त्याला इंग्रज ‘कमरबंड’ म्हणतात. हा शब्द आपलाच, कमरबंद. हिंदुस्थानातल्या उकाड्यात जाकिटापेक्षा हा पट्टा बरा, हे इथल्या गोऱ्या अंमलदारांना उमगले आणि तो त्यांच्या जेवणाच्या पोशाखात जाऊन बसला. जुन्या बोटींवर आणखी एक वहिवाट होती. प्रवासाच्या पहिल्या रात्री आणि शेवटच्या रात्री थाटाचा पोशाख करीत नसत. का? तर पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही माणसाची अडचण ओळखली होती. उकाडा झाला, नियम सैल केला. पेटी बंद आहे, नियम बाजूला ठेवला.

पण या नियमाला एक काळी बाजूही होती, ती झाकून चालणार नाही. जुन्या बोटींवर पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग असत आणि प्रत्येकाचे भोजनगृह निराळे. रेशमी कोटाचा थाट वरच्या वर्गाचा. तिथे पोशाख ही एक भिंत होती. आणि वाढपी कोण असत? इंग्रज कंपन्यांच्या कितीतरी बोटींवर गोव्याची माणसे वाढप्याचे काम करीत. आपल्याला हे नवे वाटू नये. सोवळे नेसल्याशिवाय पानावर बसायचे नाही, हा नियम आपल्या घरांतूनही होता. त्यात स्वच्छतेचा भाग होता, तसा पंक्तिभेदाचाही होता. कुणाला पानावर घ्यायचे यापेक्षा कुणाला घ्यायचे नाही, हेच पुष्कळदा त्या नियमाने ठरत असे. म्हणून पोशाखाच्या कुठल्याही नियमाला एक प्रश्न विचारावा: हा नियम माणसाला पंक्तीत आणतो, की पंक्तीबाहेर ठेवतो?

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ नावाच्या बोटीने अठरा वर्षांचा एक मुलगा विलायतेला निघाला. नाव मोहनदास करमचंद गांधी. मित्रांनी त्याच्यासाठी कपडे घेऊन दिले होते. बोटीवर तो काळा सूट घालीत असे. म्हणजे पोशाखाची बाजू तशी ठीक होती. पण काटे-चमचे कसे धरावे ते ठाऊक नाही, आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर नाही. परिणाम असा झाला की, हा मुलगा बोटीवरच्या मेजाकडे फिरकलाच नाही. घरून नेलेली मिठाई आणि फळे तो आपल्या केबिनमध्ये बसून खाई. पुढे किनाऱ्यावर उतरताना शोभून दिसेल म्हणून खास जपून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट त्याने घातला. सप्टेंबरअखेरची थंडी, सगळ्या गर्दीत पांढऱ्या कपड्यांचा तो एकटाच. सामान एजंटाच्या ताब्यात दिलेले, आणि मध्ये रविवार आल्यामुळे दुसऱ्या दिवशीही ते मिळायचे नव्हते. ती लाज त्यांच्या मनात इतकी राहिली की, पुढे आत्मकथेत त्यांनी ती नोंदवून ठेवली.

या गोष्टीत त्या मुलावर कुणी सक्ती केली नव्हती, कुणी त्याला हाकलले नव्हते. त्याला फक्त कुणी आधी सांगितले नव्हते. मित्रांनी कपडे दिले, पण ते कुठे, केव्हा आणि कसे वापरायचे, मेजावर काय विचारायचे, हे सांगितले नाही. त्या वयाची लाज मोठी विलक्षण असते. मूल उपाशी राहील, पण चारचौघांत वेगळे दिसणार नाही. मोठ्या माणसांना ज्याला हट्ट म्हणावेसे वाटते, तो पुष्कळदा हट्ट नसतोच. ती लाज असते.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात असेच झाले. मुलगा इंग्लंडात नोकरीला. त्याने आपल्या वडिलांना, म्हणजे एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांना, गावाहून नेऊन सगळ्यांसह बोटीची सहल ठरविली. थाटाच्या रात्री नातू अडून बसला. बाप संतापला. आजोबा मात्र शांतपणे त्याच्याजवळ बसले नि म्हणाले, “अरे, कोट आवडत नाही की टाय आवडत नाही? एवढं तरी सांग.” पोराने मुकाट्याने कोट चढवून दाखविला. कोट मागल्या वर्षीचा. बाह्या मनगटाच्या चार बोटे वर गेलेल्या! वर्षभरात पोरगा वीतभर वाढला होता आणि घरात कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. आजोबांनी आपल्या बॅगेतले दुसरे जाकीट काढले. पांढरा झब्बा होताच. त्यावर ते जाकीट चढवून आजोबा-नातू बरोबरीने जेवायला गेले. भोजनगृहात कुणी हरकत घेतली नाही. घेणारही नव्हते, कारण बऱ्याच कंपन्या अशा रात्री आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाख मान्य करतात. आपला बंदगळ्याचा कोट, झब्ब्यावरचे जाकीट, काठपदराची साडी हा पुरता थाटाचा पोशाख आहे. त्यासाठी कर्ज काढून विलायती कोट शिवायला नको.

तेव्हा अशा प्रवासाला निघणाऱ्यांसाठी चार साध्या गोष्टी सांगतो. एक: तिकीट काढतानाच त्या कंपनीचा पोशाखाचा नियम वाचावा आणि तो मुलांना वाचायला द्यावा. केबिनमध्ये आयत्या वेळी हुकूम सोडू नये. दोन: वाढत्या मुलासाठी भारी कोट विकत घेऊ नये, तो सहा महिन्यांत आखूड होतो. गडद पाटलोण, पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा आणि पॉलिश केलेले बूट एवढ्यावर बहुतेक रात्री निभावतात. कोट लागलाच तर भावाचा, मामाचा मागून घ्यावा, किंवा भाड्याने आणावा. आणि निघण्यापूर्वी एकदा अंगावर घालून पाहावा. तीन: नियमाच्या आत जेवढी मोकळीक आहे तेवढी मुलाची. रंग कुठला, टाय की बो, झगा की साडी, हे त्याला किंवा तिला ठरवू द्यावे.

चौथी गोष्ट मुलींविषयी. पोशाखाचा विषय निघाला की घरातल्या सगळ्यांची नजर मुलीकडे वळते. बोटीच्या नियमात तिच्यासाठी पुष्कळ वाव असतो. अडवणूक करतो तो घरचा नियम. घराला आपला नियम असू शकतो, त्यावर आईने, आजीने तिच्याशी बोलावे. पण घरच्या नियमाला बोटीच्या नियमाचे नाव देऊ नये. मुली सुज्ञ असतात. त्यांना खोटे कारण लगेच कळते, आणि एकदा ते कळले की खऱ्या कारणावरचाही विश्वास उडतो.

आणि समजा, हे सगळे करूनही एखाद्या रात्री मुलगा म्हणाला, “बाबा, आज नको,” तर? तर त्या रात्री सगळ्यांनी मिळून साध्या कपड्यांत वरच्या मजल्यावर जेवावे. दिवसभर मुले आपल्या सोबत्यांत असतात, मोठी माणसे आपल्या उद्योगात. रात्रीचे जेवण ही सगळे एकत्र येण्याची वेळ. कोटासाठी ती घालवणे म्हणजे कुंपणासाठी शेत विकण्यासारखे आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता आपल्याकडे वळतो. आपल्या शाळेतली फार थोडी मुले असल्या बोटीवर जातील. पण बक्षीस समारंभाच्या दिवशी नेमके गैरहजर राहणारे मूल आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असते. तालुक्याच्या स्पर्धेला निवड झाली, आणि आदल्या दिवशी त्याचे पोट दुखू लागले. रागावण्याआधी त्याच्या पायांकडे पाहावे. बूट नसतील. गणवेशाची चड्डी आखूड झाली असेल. आपण फळ्यावर लिहितो, ‘उद्या स्वच्छ व पूर्ण गणवेशात यावे’. नियम योग्यच आहे. गणवेश सगळ्यांना सारखे करण्यासाठी असतो. पण ज्याच्यापाशी तो नाही त्याला तो घरी बसवितो, हेही तितकेच खरे. अशा मुलाला आदल्या दिवशी बाजूला घेऊन, इतरांच्या देखत नव्हे, विचारावे, “काही अडचण आहे का रे?” शाळेच्या कपाटात दोन-चार सदरे आणि बुटांचे दोन-तीन जोड ठेवले तर कितीतरी पोटदुख्या बऱ्या होतील.

नीटनेटके कपडे करून पंक्तीला येणे हा यजमानाचा आणि शेजारी बसणाऱ्याचा मान आहे. तो मान मुलांना शिकवावा, त्यात काही गैर नाही. मात्र शिकवताना आधी सांगावे, कारण सांगावे, आणि अडचण असेल तर ती विचारून घ्यावी. मुलाचे पान मांडलेले असावे आणि त्यावर येऊन बसायला त्याला संकोच वाटू नये, एवढे मोठ्यांच्या हातात नक्कीच आहे.