गाडीची बॅटरी

मंडळी, रात्री घरात कुणी आजारी पडले, गुहागरला न्यायचे आहे आणि गाडी नुसती कट्‌कट्‌ करते. चालू म्हणून होत नाही. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीचा असतो.

बॅटरीच्या पेटीत सहा कप्पे. त्यांत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाचे तेजाब. दर कप्प्याला सुमारे २ व्होल्ट, मिळून १२.

विकत घेताना गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाचीच घ्या. तयार केल्याचा महिना पाहा. वर्षभर दुकानात पडून राहिलेली स्वस्त मिळाली तरी नको.

आपल्या वेळणेश्वरात वारा खारा. बॅटरीच्या तोंडांवर पांढरी-हिरवी पूड चढते आणि वीज अडते. इंजिन बंद करून वायरी सोडवा. आधी वजा खुणेची काढा. लावताना तीच शेवटी लावा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तोंडे पुसा. सोडा पेटीच्या आत जाता कामा नये. मग कोरडे करून वायरी लावा, वर व्हॅसलीन चोपडा.

पाणी घालायची बॅटरी असेल आणि पाणी आटले, तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. आपल्या विहिरीचे पाणी गोड खरे, पण त्यातले क्षार पट्ट्यांना मारक.

पावसाळ्यात गाडी महिना महिना उभी असते. बॅटरी आपोआप उतरते. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवून आणा. ते जमत नसेल तर वजा वायर काढून ठेवा.

आणि बॅटरीजवळ विडी नको हो! चार्ज होताना निघणारा वायू ठिणगीने पेटतो, पेटी फुटते, तेजाब डोळ्यांत उडते.