पोहण्याच्या टाकीला गाळणी केवढी?

पाहुण्यांना घरी मुक्कामाला ठेवणाऱ्या आपल्यापैकी काहीजणींनी यंदा अंगणात पोहण्याची टाकी बांधायला काढली आहे. फरशीच्या रंगावर घरात चार दिवस चर्चा होते, गाळणी मात्र दुकानदार देईल ती. तसं नको. आधी हिशोब करू.

टाकी 20 फूट लांब, 10 फूट रुंद. उथळ बाजू 3 फूट, खोल बाजू 5, म्हणजे सरासरी 4. गुणाकार 800 घनफूट. एका घनफुटात 28.3 लिटर, म्हणजे पाणी झालं सुमारे 22,600 लिटर. हे सगळं पाणी सहा तासांत एकदा गाळणीतून फिरायला हवं, असं आम्ही धरतो. सुट्टीत पोरांची झुंबड असते ना! तासाला साधारण 3,800 लिटर आले. वाळूच्या गाळणीवर ताशी क्षमता लिहिलेली असते, ती याहून थोडी जास्तच बघा.

पंप मात्र गाळणीला झेपेल असाच. पाणी फार जोरात गेलं की मळ वाळूत अडकत नाही, परत टाकीत येतो. गाळणी मोठी आणि पंप अगदीच लहान, तर उलट्या धारेने वाळू नीट धुतली जात नाही.

तळ दिसेनासा झाला तर कुणालाही उतरू देऊ नका, पाहुणे रुसले तरी चालेल. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल काठावरून दिसत नाही.

वाळू स्वच्छ असताना दाबाच्या काट्याचा आकडा भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. काटा त्याच्यावर 8 ते 10 पौंड चढला, की वाळू धुवायला घ्या.