बिघाड शोधण्याची विद्या

आरंभीच एक कबुली देऊन ठेवतो. मी यंत्रे जाणणारा माणूस नव्हे. तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालो आणि गेली अठरा वर्षे तर्कशास्त्र शिकवीत आहे. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे अनुमान मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. परंतु एके दिवशी धूर प्रत्यक्ष माझ्याच नाकात शिरला, अग्नी कोठे आहे हे शोधण्याची पाळी माझ्यावर आली, आणि तेव्हा कळले की, शिकवणे वेगळे आणि शोधणे वेगळे. त्या धुराचीच हकीकत आज सांगायची आहे.

१९९४ साली आमच्या कांद्याला बरा भाव मिळाला. त्या आनंदात वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मनमाडच्या बाजारातून एक व्हिडिओ गेम चांदवडला आणला. टीव्हीला जोडायची एक पेटी, दोन रिमोट आणि वरून खोवायची एक पिवळी कॅसेट. कॅसेट म्हणायचे इतकेच. आत फीत वगैरे काही नाही, एक लहानसा बोर्ड असतो. अशा पेट्या त्या काळी गावोगाव दिसत. निन्टेंडो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र बाजारात आणले होते. आमची पेटी ही त्याचीच नक्कल. मूळ यंत्राची काम करण्याची स्मृती अवघी २ किलोबाइट. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सबंध खेळ ४० किलोबाइटांत मावतो. आजच्या फोनमधला एक फोटो त्याच्या पन्नासपट जागा सहज खातो! एवढ्याशा सामग्रीत त्या मंडळींनी डोंगर, ढग, किल्ले, सगळे बसवले.

पण आम्हां भावंडांना दोन अडचणी होत्या. टीव्ही घराचा होता, आमचा नव्हता. बातम्या लागल्या की खेळ बंद. आणि वीज तर कोणाचीच नव्हती. खेळ रंगात यावा आणि दिवे जावेत, हे ठरलेलेच. तेव्हा वाटे, ही पेटी टीव्हीवाचून, विजेवाचून खेळता आली तर काय बहार होईल!

ही इच्छा काही आमचीच नव्हती. गुनपेई योकोई या जपानी गृहस्थांच्या हाताखाली तयार झालेला ‘गेम बॉय’ १९८९ साली निघाला. तो चार पेन्सिल सेलवर चाले. त्यांनी मुद्दामच रंगीत पडदा घेतला नाही; का, तर सेल पुरावेत. पुढे २००० साली बेंजामिन हेकेंडॉर्न या अमेरिकन माणसाने १९७७ सालचे ‘अटारी २६००’ हे टीव्हीला जोडायचे यंत्र कापून-जोडून हातात धरता येईल असे केले. तेव्हापासून जगभर अनेकांना हा नाद लागला.

अण्णा गेल्यावर ती पेटी आईने एका फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवली होती. गेल्या वर्षी माझी मुलगी सातवीत गेली, आणि माझ्या मनात आले की, अण्णांची पेटी तिच्या हाती द्यावी, पण हातात मावेल अशी करून. तुम्ही म्हणाल, हे सगळे खेळ फोनवर मिळतात की! मिळतात. पण फोन अण्णांनी आणलेला नाही. आईने फडके सोडून दिले आणि इतकेच म्हणाली, “तुझ्या अण्णांनी आणलंय. नीट राहू दे.”

आणि पहिल्याच संध्याकाळी मी ती जाळली.

झाले असे. पेटीचा अडॅप्टर हरवला होता. घरात नऊ व्होल्टचा दुसरा होता, पिनही बरोबर बसत होती. मी लावला. आता, या पिनेच्या आतल्या बाजूला काही अडॅप्टरांत धन टोक असते आणि काहींत ऋण. मूळ फॅमिकॉमचे आतले टोक ऋण; नकलांचा तर काही नेमच नाही. पिन बसली म्हणजे विजेची दिशाही जुळली, हे माझे अनुमान. तर्कशास्त्राच्या मास्तराचे! वर्तमानपत्र जळल्यासारखा वास आला, धुराची एक रेघ निघाली आणि लाल दिवा विझला.

त्या रात्री आईला काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो म्हणाला, “सर, आधी मीटर घ्या. मग विचार करा.” यंत्राच्या बाबतीत यापेक्षा मोठे वाक्य मी ऐकलेले नाही.

पेटी उघडली. वीज आत शिरते तेथे तीन पायांचा एक काळा तुकडा असतो. त्याचे नाव ७८०५. त्याचे काम एवढेच की, बाहेरून येणाऱ्या नऊ व्होल्टचे आत पाच व्होल्ट करायचे; उरलेले चार तो उष्णतेच्या रूपाने उडवून देतो. माझा बोर्ड पाव अँपिअर वीज घेतो. म्हणजे सव्वा वॅट कामाला लागतात आणि एक वॅट नुसता गरम होण्यात जातो. मीटर लावला. पहिल्या पायावर नऊ व्होल्ट, मधला पाय ऋण, आणि तिसऱ्यावर शून्य. म्हणजे बिघाड याच्या अलीकडे नव्हता. पण पुढचा बोर्ड जिवंत आहे की नाही? तो तुकडा डाग सोडवून काढला आणि त्याच्या तिसऱ्या पायाच्या जागी, या खेपेस टोके दोनदा तपासून, फोनच्या चार्जरचे पाच व्होल्ट दिले. टीव्हीवर मारिओ उभा राहिला! अण्णांची पेटी वाचली होती. द्वारपाल तेवढा जळाला होता.

आणि गंमत अशी की, हातात धरायच्या पेटीला नेमके हेच हवे होते. सेलवर चालवायचे तर एक वॅट उगाच उडवणारा द्वारपाल नकोच. तेव्हा एक लिथियम सेल घेतला. तो भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि उतरत उतरत ३ पर्यंत येतो. म्हणून त्याला पाच व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर जोडला. बोर्डाचे सव्वा वॅट, पाच व्होल्टवर चालणाऱ्या लहान पडद्याचे सव्वादोन, मिळून साडेतीन. सेल २६०० मिलिअँपिअर-तासांचा. मध्ये जाते ते वजा करता दोन तास खेळ होतो. एक सूचना मात्र कानाशी बांधून ठेवा. लिथियमच्या सेलला थेट डाग देऊ नये, तो होल्डरमध्येच बसवावा. भरण्यासाठी संरक्षण असलेलेच सर्किट वापरावे. आणि फुगलेला सेल कितीही मोहात पाडो, हात लावू नये.

सगळे जोडले. खेळ सुरू झाला आणि पडद्याचा उजेड वाढवताच पुन्हा पहिल्यापासून! मी नवा सेल आणला. तेच. कन्व्हर्टर आणि तारा दोन्ही बदलल्या. तेच. मुलगी शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही दोन-दोन गोष्टी एकदम का बदलता? चालू झालं असतं तर कशामुळे झालं हे कसं कळलं असतं?”

मी गप्प झालो. अन्वय आणि व्यतिरेक यांवर मी वर्षाला चार तास बोलतो. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदला आणि परिणाम पाहा, हे माझे पोटापाण्याचे वाक्य. मग दोघांनी वहीत लिहीत मोजले. कन्व्हर्टरच्या तोंडाशी ५.० व्होल्ट. खटक्याच्या पलीकडे ४.४. दहा रुपयांचा खटकाच मध्ये सहा दशांश व्होल्ट खात होता! पडदा जास्त वीज ओढू लागला की बोर्ड उपाशी राही. खटका बदलला आणि काम झाले.

त्याच रात्री माझी तीस वर्षांची एक समजूतही मोडली. कॅसेट चालली नाही की आपण सगळे काय करीत असू? काढून फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची. चाले! श्रेय फुंकरीला. पण गोष्टी दोन केल्या होत्या: फुंकरही मारली आणि कॅसेट काढून पुन्हा बसवलीही. काम होई ते पुन्हा बसवण्याने, कारण टोके नव्याने घासली जात. फुंकरीतली वाफ उलट तांब्याला गंज आणते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून टोके वाळू द्यावीत, हा खरा उपाय.

प्रत्येक अपयश हा बिघाडही नसतो. बदके मारायची ती बंदूक नव्या पडद्यावर चालत नाही. बंदूक ठणठणीत असते. तिला जुन्या टीव्हीच्या काचेवर रेघारेघांनी धावणारा उजेड हवा असतो, आणि तो सपाट पडद्यात नाही. ती उघडून बसू नका.

ती पेटी आता मुलीच्या दप्तराशेजारी असते. परवा वीज गेली, तेव्हा आईने ती हातात घेऊन पाहिली. “अण्णांचीच ना ही?” तिने विचारले. मी हो म्हणालो, आणि धुराची गोष्टही सांगून टाकली. ती हसली नाही, रागावलीही नाही. मारिओला उडी कशी मारायला लावतात, ते मात्र नातीकडून शिकून घेतले.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. खाली काढा, उघडा, मुलांना शेजारी बसवा. मात्र अडॅप्टर लावण्याआधी पिनेची टोके मीटरने मोजा.