हृदयाभोवतीचे पाणी : लक्षण आणि निदान
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी हृदयरोग विभागातर्फे केलेले भाषण)



वर्धापनदिनी विभागाने वर्षभराच्या कामाचे आकडे सादर करावेत, अशी प्रथा आहे. ते आकडे अहवालात अन्यत्र दिलेले आहेतच. मी आज आपला वेळ घेणार आहे तो एका रुग्णाविषयी आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी बोलण्यासाठी.

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. पायांवर सूज होती, जिना चढताना धाप लागत होती. इको तपासणीत हृदयाभोवती पाणी आढळले. आपल्या देशात असे पाणी दिसले की डॉक्टरांच्या मनात प्रथम क्षयरोग येतो, आणि ते गैरही नाही. पाणी थोडे असल्याने सुईने काढून तपासणे जोखमीचे होते. तेव्हा पुराव्यावाचूनच मी क्षयाची औषधे सुरू केली. चार महिने लोटले. पाणी तेवढेच राहिले, धाप मात्र वाढली.

उत्तर सापडले ते गुरुजींच्या पत्नीच्या बोलण्यात. "ह्यांच्या दोन्ही मनगटांचं ऑपरेशन झालंय, बोटं बधिर व्हायची म्हणून. आणि बी.पी.ची गोळी हल्ली लागतच नाही. आम्हाला वाटलं, बरंच झालं," असे त्या सहज म्हणाल्या. मी जुने कागद पुन्हा काढले. इकोमध्ये हृदयाची भिंत जाड होती. अशा हृदयाच्या ई.सी.जी.त लहरी सहसा मोठ्या दिसतात. गुरुजींच्या लहरी अगदी लहान होत्या. ही विसंगती पहिल्याच दिवशी कागदावर होती. मी ती वाचली नव्हती.

या आजाराचे नाव ॲमिलॉइडोसिस. यात एखाद्या प्रथिनाची घडण बिघडते आणि ते तंतूंच्या रूपाने अवयवांत साचत जाते. हृदयात त्याचे प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात. एकात अस्थिमज्जेतील पेशी सदोष प्रथिन निर्माण करतात. दुसऱ्यात मुख्यतः यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन उतारवयामुळे वा आनुवंशिक दोषामुळे साचते. तेच मनगटात साचून नस दाबते, आणि हृदयाची लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी बोटे बधिर होतात.

हृदयाभोवतीच्या पिशवीत निरोगी माणसातही १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. ॲमिलॉइड पिशवीतही साचते. शिवाय हृदय ताठ झाल्याने आतला दाब वाढतो आणि द्रवाचा निचरा मंदावतो. त्यामुळे या आजाराच्या साधारण निम्म्या रुग्णांत पाणी आढळते. बहुधा ते थोडे असते, हृदयाला दाबत नाही, आणि काढावेही लागत नाही. मात्र क्वचित ते दाबू लागले, तर इकोमधील नेहमीची खूण, म्हणजे उजव्या कप्प्याची भिंत आत दबणे, ताठपणामुळे दिसेलच असे नाही. तेथे यंत्रापेक्षा रुग्णाची नाडी, रक्तदाब आणि श्वास यांवर भिस्त ठेवावी लागते.

आणखी एक चकवा आहे. क्षयानंतर पिशवी आवळली गेली तर ती शस्त्रक्रियेने काढून रुग्ण बरा होऊ शकतो. ॲमिलॉइडची लक्षणे हुबेहूब तशीच असतात. पण दोष हृदयाच्या स्नायूतच असल्याने त्या शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही, जीव मात्र धोक्यात येतो.

गुरुजींच्या रक्ताच्या व लघवीच्या चाचण्यांनी अस्थिमज्जेचा प्रकार वगळला, आणि टेक्नेशियम स्कॅनने ट्रान्सथायरेटिनचे निदान पक्के केले. अस्थिमज्जेचा प्रकार असता तर उपचाराविना ते चार महिने प्राणावर बेतले असते. त्यावर केमोथेरपी लगेच सुरू करावी लागते. ट्रान्सथायरेटिनची वाढ मंदावणारे टॅफामिडिस हे औषध २०१८ च्या मोठ्या चाचणीत उपयोगी ठरले. परंतु साचलेले ते काढून टाकत नाही, म्हणून लवकर निदानाला मोल आहे. गुरुजी पुढे दोन वर्षे जगले, बहुतांश काळ स्वतःच्या घरी. ते चार महिने मात्र मी त्यांना परत देऊ शकलो नाही.

तेव्हापासून आमच्या विभागात एक शिरस्ता आहे. साठीपुढील रुग्णाच्या हृदयाभोवती पाणी दिसले की तीन गोष्टी पाहायच्या : हात बधिर होतात का, रक्तदाबाची गोळी आपोआप सुटली का, आणि ई.सी.जी. व इको यांचा मेळ बसतो का. याला पैसा लागत नाही, निवांतपणा लागतो. आपल्या देणगीतून यंत्रे येतात, हे आपण पाहताच. त्याच देणगीमुळे रुग्णाजवळ दहा मिनिटे अधिक बसण्याची मुभा आम्हाला मिळते, हे अहवालाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही. म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

नातलगांना एकच विनंती. क्षुल्लक वाटणारी गोष्टही डॉक्टरांना सांगा. गुरुजींचे निदान त्यांच्या पत्नीने केले. आम्ही त्यावर फक्त शिक्कामोर्तब केले.