वजन किती उचलावे?
(दोहा येथील बैठकीत केलेले भाषण)



कतारमध्ये २०१२ पासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी राष्ट्रीय क्रीडा दिनाची सुट्टी असते. त्या उत्साहात आपल्यापैकी काहीजण जिममध्ये नाव घालतात आणि मार्चमध्ये खांदा किंवा कंबर धरून बसतात. वयाला बोल लावण्याआधी एक बघा: आपण वजन निवडतो ते बहुधा शेजारच्याचे पाहून.

‘जितके जड तितके चांगले’ हा समज तपासून पाहू. २००३ साली मॅथ्यू ऱ्ही आणि सहकाऱ्यांनी १४० अभ्यास एकत्र मांडले. जेमतेम एकदाच उचलता येते, ते आपले कमाल वजन समजा. नवशिक्यांची ताकद सर्वाधिक वाढली ती त्याच्या सरासरी ६० टक्क्यांवर, तर सरावलेल्यांची ८० टक्क्यांवर.

असे का? पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना कामाला जुंपायला शिकते म्हणून. त्यासाठी मध्यम वजन पुरते. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरा मात्र सावकाश बळकट होतात. आपल्याकडच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी जोर-बैठकाच घालायला लावतो, त्यातही हेच शहाणपण आहे.

कतारला पहिले ऑलिंपिक सुवर्ण २०२१ मध्ये टोकियोत फारेस इब्राहिमने मिळवून दिले. १७७ अधिक २२५, एकूण ४०२ किलो! पण त्याचे प्रशिक्षक म्हणजे त्याचे वडील, स्वतः ऑलिंपिक वेटलिफ्टर. त्या आकड्यामागे वर्षानुवर्षांचा सराव आहे.

मग आपण काय करावे? नवख्याने कमाल वजन अजमावण्याच्या फंदात पडू नये. शरीराची ठेवण न बिघडवता ८-१२ वेळा उचलता येईल, असे वजन घ्यावे. ठरवल्यापेक्षा एक-दोन वेळा जास्त जमू लागले, की २ ते १० टक्के वाढवावे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २००९ ची शिफारस हीच आहे. श्वास कोंडू नये, रक्तदाब चढतो. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

एक धोका गांभीर्याने घ्या. सवय नसताना अतिव्यायाम केला तर स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. इथल्या उकाड्यात अंगातले पाणी कमी झाले, तर धोका वाढतो. लघवी गडद तपकिरी दिसली तर ताबडतोब इस्पितळ गाठा.

आपण मंडळी एरवी प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ विचारतो. ट्रेनर बारला आणखी एक प्लेट लावू लागला, की त्यालाही जरूर विचारा.